अर्ध्या बोटीसाठी पूर्ण कर्ज नको

प्रश्न : माझं कोल्हापुरात मंगळवार पेठेत हार्डवेअरचं दुकान आहे. पाच वर्षांपूर्वी मालवणात मेहुण्यांबरोबर निम्म्या भागीत पर्यटकांची जुनी बोट घेतली. तिच्यावरचा परदेशी डिझेल जनरेटर ४,१०० तास चालला आहे. हंगामात साधारण ५०० तास चालतो. त्याला थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा पंप गेला. बॉडी आतून खाल्ली आहे आणि कंपनीने ते मॉडेल बंद केलं आहे. एका विक्रेत्याकडे जुन्या साठ्यातला तसाच एक पंप आहे, ६८,००० रुपये. इथल्या उद्यमनगरातला, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतला, मिस्त्री म्हणतो, सध्या मिळणारा दुसरा पंप ब्रॅकेट करून बसवतो, सगळं मिळून ३८,०००. डीलर म्हणतो, जुनं देऊन नवा जनरेटर घ्या, वर ४,८०,००० भरा. मेहुण्यांकडे आत्ता पैसे नाहीत. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली तीन लाखांची एफडी (साडेसहा टक्के) मोडून आणि बायकोच्या दागिन्यांवर १,८०,००० (दहा टक्के) काढून नवाच घ्यावा असं वाटतंय. फी पुढच्या जूनमध्ये भरायची आहे. काय करू?

उत्तर : एफडी मोडू नका आणि दागिने घरातच राहू द्या. उद्यमनगरातला पंप बसवा, पण आधी चार-पाच हजार जनरेटरच्या इंजिनाच्या तपासणीवर घाला.

मी मिस्त्री नाही. म्हणून उत्तर लिहिण्याआधी इंजिनाचं काम करणाऱ्या दोघांशी बोलले. माझे वडील उसाला पाणी पाजायला ऑइल इंजिन वापरायचे. त्याचं बुश असो की शाफ्ट, सायकलला पिशवी अडकवून ते उद्यमनगर गाठायचे आणि संध्याकाळी इंजिन सुरू व्हायचं. जुनं यंत्र म्हणजे टाकाऊ यंत्र नव्हे, हे मी तिथं शिकले. पण शेतातला पंप गोड्या पाण्यातला, तुमचा खाऱ्या पाण्यातला. हा फरक पुढे पंपाचा धातू निवडताना दिसतो.

६८,००० चा पंप मला का नको वाटतो ते सांगते. या पंपात रबराचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, असतं. त्याची पाती झिजतात, तुटतात. पाण्याविना फिरला तर इम्पेलर थोड्या वेळात जळतो. म्हणजे तो वरचेवर बदलायचाच भाग आहे. बंद झालेल्या मॉडेलचा पंप घेतलात तर दोन हंगामांनी इम्पेलर शोधत पुन्हा याच जागी याल. पंप निवडताना त्याच्या किमतीआधी त्याचा इम्पेलर कुठे आणि केवढ्याला मिळतो ते विचारा. ३८,००० च्या पंपाबरोबर दोन जादा इम्पेलर आणि एक सील घेऊन बोटीवर ठेवा.

मिस्त्रीला तीन गोष्टी कागदावर लिहून द्या. पंपाची बॉडी गनमेटलची, म्हणजे तांबं-कथिलाच्या मिश्रधातूची, हवी. साध्या पितळेतलं जस्त खारं पाणी खातं आणि बॉडी भुसभुशीत होते. शाफ्ट ३१६ स्टेनलेसचा, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या स्टीलचा, हवा. आणि जुना पंप मिनिटाला जितके लिटर पाणी द्यायचा तितकं नव्याने द्यायला हवं. ते पुलीच्या मापावर, म्हणजे पंपाच्या फेऱ्यांवर ठरतं. फिरण्याची दिशाही तपासायला सांगा. काम झाल्यावर एक्झॉस्टमधून पडणारं पाणी बादलीत धरून घड्याळ लावा. हेच पाणी एक्झॉस्टचा रबरी पाइप थंड ठेवतं. ते थांबलं तर पाइप जळतो आणि वर माणसं बसलेली असतात. म्हणून पाणी थांबलं की जनरेटर आपोआप बंद करणारा स्विच याच खर्चात बसवून घ्या. तिथं काटकसर मला चालणार नाही. डेकवर सुटा पेट्रोल जनरेटर ठेवून हंगाम काढायचा विचार कुणी सुचवला तर तोही नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

आता हिशेब. नवा जनरेटर बारा हंगाम चालेल असं धरलं तर ४,८०,००० चे हंगामाला ४०,००० पडतात. व्याज वेगळं. पंपाला ३८,०००. म्हणजे जुना जनरेटर एकच हंगाम चालून बसला, तरी नव्याच्या एका हंगामापेक्षा तुम्ही जास्त मोजलेले नसतात. चार हंगाम चालला तर हंगामाला साडेनऊ हजार, तासाला १९ रुपये.

दुसऱ्या बाजूनेही पाहा. खरेदी एक वर्ष पुढे ढकलली तर एफडीचं १९,५०० व्याज सुरू राहतं आणि दागिन्यांवरचं १८,००० व्याज वाचतं. बेरीज ३७,५००. त्या एका वर्षातच पंप जवळजवळ फुकट पडतो. शिवाय मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याजदर कापते तेही वाचलं.

पण मला खरी काळजी पंपाची नाही. बोट निम्मी तुमची आणि जनरेटरचं ओझं सगळं तुमच्या घरावर, ही मांडणी मला पटत नाही. मेहुण्यांशी पैशाचं बोलायला जड जातं, मला माहीत आहे. तरी ३८,००० पैकी १९,००० त्यांचे आहेत. आत्ता नसतील तर तुम्ही भरा आणि हंगामाच्या पहिल्या वाटणीतून वळते करायचे असं वहीत दोघांच्या सहीने लिहा. त्यांनाही ते बरं वाटेल. उपकाराखाली राहणं कुणालाच आवडत नाही. मुलीच्या फीचा पैसा बोटीच्या हिशेबात आणूच नका. कॉलेज तारीख पुढे ढकलत नाही.

धंद्याचे रीतसर हिशेब ठेवत असाल तर पंपाचा खर्च दुरुस्ती म्हणून त्याच वर्षी वजा मागता येतो. नव्या जनरेटरवर दरवर्षी घसाराच, म्हणजे किमतीचा ठरावीक भागच, वजा मिळतो. अंदाजित उत्पन्नावर कर भरत असाल तर हा फरक पडत नाही. सीएंना विचारून घ्या.

जनरेटर कधीतरी बदलावा लागेलच. त्यासाठी ऑक्टोबर ते मे, आठ महिने, दोघांनी २,५०० प्रमाणे बोटीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाका. हंगामाला ४०,०००, चार हंगामांत १,६०,००० आणि वर व्याज. बोटीची कमाई येते तेव्हाच हप्ता कापा. पावसाळ्यात बोट वर ओढलेली असताना हप्ता ठेवलात तर तो दुकानातून जाईल.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे : इंजिन आतून शाबूत असणं. त्यासाठी ती तपासणी. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा. ऑइल दुधाळ दिसतंय का पाहा. दिसलं तर पाणी आत शिरलं आहे. हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड करणारा भाग) उघडून नळ्या आणि जस्ताचा ॲनोड (बाकी धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) बघा. यात इंजिनच बसलेलं निघालं तर ३८,००० सुद्धा घालू नका. मग नवा घ्यावा लागेल, पण तुमचा भाग २,४०,००० चाच. तो एफडी न मोडता तिच्यावर कर्ज काढून उभा करा. ते साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच महाग पडतं. फीच्या आधी ते फिटेल का, हे मात्र मेहुण्यांना समोर बसवून ठरवा.

गणपतीच्या आधी फोंडा घाट उतरून एकदा मालवणला जाऊन या, मिस्त्रीला बरोबर घेऊन. जुना पंप उतरवून त्याची मापं तिथंच घ्या. कॉम्प्रेशनचे आकडे हाती आले की मला कळवा.