एकटीसाठी कशाला की एवढं?

‘आई बेळगावात एकटी असते. बाबा जाऊन वर्ष होत आलं. चाळीस वर्षं दहा माणसांचं रांधून वाढणारी बाई आता चहा-टोस्टावर दिवस काढते. फोनवर विचारलं तर “जेवले की” म्हणते. गेल्या महिन्यात घरी गेले तर गळ्याची हाडं दिसायला लागलेली. हे डिप्रेशन आहे का? स्वयंपाकाला बाई ठेवू, का डबा लावू?’

बंगळूरला नोकरी करणाऱ्या एका मुलीचा हा प्रश्न. मुलं पुण्या-बंगळूरला गेलेली आणि आई किंवा वडील टिळकवाडीत, अनगोळला, नाहीतर खानापूर-निपाणीकडे मागे राहिलेले, अशी घरं या भागात गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे प्रश्न नेहमीचा. वडील एकटे असले तर अडचण सरळ असते: येत नाही, शिकायला हवं. आईच्या बाबतीत ‘तिला तर सगळं येतं’ इथं येऊन घरचे थांबतात. पण बऱ्याचदा जे येतं तेच आड येत असतं. या काकूंचं तसंच होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत काकूंना ‘तुम्ही काय खाता?’ असं विचारलं नाही. त्या प्रश्नाला माणसं काय खायला हवं ते सांगतात. काल उठल्यापासून निजेपर्यंत तोंडात काय काय गेलं, ते ओळीनं सांगायला लावलं. काकू म्हणाल्या, “सकाळी चहा, दोन टोस्ट. अकराला परत चहा. दुपारी चिरमुरे होते, शेव घालून घेतले. चारला चहा आणि खारी. मधी शेजारीण आली, तिच्याबरोबर अर्धा कप. रात्री दूध-ब्रेड. पोटात काय ना काय जातंय की हो.”

जातंय हे खरंच. पण चार कपांत दोन-दोन चमचे धरले तरी साखर झाली चाळीसेक ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी, आणि वर खारी-टोस्टातला मैदा. भूक मारायला तेवढं पुरतं, अंगाला लागायला नाही. दूध, ब्रेड, शेव सगळं मिळून प्रथिनं जेमतेम २० ते २५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात. काकूंचं वजन ५५ च्या घरात, म्हणजे रोजची गरज ४५ ग्रॅमच्या आसपास. डाळ नाही, भाजी नाही, फळ नाही.

आता डिप्रेशनचं. झोप लागत होती. आठवड्याचं भजन चुकत नव्हतं. नळाच्या पाण्यावरून समोरच्या घराशी रीतसर भांडण चालू होतं, आणि ते सांगताना आवाजाला चांगली धार होती. नवऱ्याचा विषय निघाला की डोळे भरायचे, ते भरणारच. दुःख होतं, आजार दिसत नव्हता. तरी वजन आठ महिन्यांत अडीच किलो उतरलेलं, म्हणून डॉक्टरांकडे धाडलं. हिमोग्लोबिन ९.८, बी-१२ कमी, आणि खालच्या दोन दाढा हलत होत्या. भाकरी का सुटली याचं एक कारण तिथंच सापडलं. गोळ्या सुरू झाल्या, दाढांचंही पाहिलं गेलं.

भूक न लागण्यामागं रक्त कमी असणं, थायरॉइड, दात, एखादी गोळी असं काहीही असू शकतं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननं काहींची भूक मंदावते आणि बी-१२ ही उतरतं. सहा महिने ते वर्षभरात काही न करता वजन शेकडा पाचनं घटलं, घास गिळताना अडकायला लागला, तर समुपदेशन नंतर, तपासणी आधी. आणि दोन आठवडे झोप नाही, कशात मन लागत नाही, ‘आता जगून काय करायचं’ असं बोलणं सुरू आहे, तर हा स्वयंपाकाचा प्रश्नच नव्हे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन फुकट आहे. प्रत्यक्ष दाखवायचं तर धारवाडची डिम्हान्स ही मानसोपचाराची संस्था आपल्याला जवळ.

मग अडत कुठं होतं? शेवटचा स्वयंपाक कधी केला आणि त्याचं पुढं काय झालं, ते सावकाश सांगायला सांगितलं. कुकर पाच लिटरचा. डाळ चार मुठी, तांदूळ पाच मुठी. माप विचारलं तर त्यांनी मूठच वळून दाखवली. त्या मुठीत आख्खं घर मावलेलं. आमटी झाली पातेलंभर. पहिल्या दिवशी बरी लागली, दुसऱ्या दिवशी तीच, तिसऱ्या दिवशी वास यायला लागला म्हणून ओतली. “अन्न टाकताना जीव वरखाली होतो हो. त्यापेक्षा न केलेलं बरं.” असं तीन-चारदा झालं आणि कुकर फळीवर गेला. यात आळस कुठं आहे? चुकत होतं ते माप, आणि भांडी आठ-दहा माणसांची होती.

तरी लगेच मापावर गेलो नाही. पहिला आठवडा गॅस फक्त चहा-दुधापुरता. काम एकच: दुपारी साडेबाराला ताट वाढून घ्यायचं आणि बसून जेवायचं. ताटात सगळं तयार. ज्वारीची कडक भाकरी, वाटीभर दही, दोन चमचे शेंगाचटणी, एक काकडी नाहीतर गाजर, नंतर केळं. इच्छा झाली की जेवू म्हणणाऱ्याला इच्छा होत नाही. ठरल्या वेळी चार घास पोटात जायला लागले की हळूहळू त्या वेळेला भूक लागते. अकराचा चहा बंद झाला, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नाही असं ठरलं, कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन ९.८ वर आलेल्या माणसाला हे परवडणारं नाही.

कडक भाकरी ही आपल्याकडची मोठी सोय. बेळगावात बांधलेल्या चवडी विकत मिळतात, कोरड्या डब्यात पंधरा दिवस राहतात. पावसाळ्यात मात्र डब्याचं झाकण सैल असलं तर दोन दिवसांत सादळतात. मंद तव्यावर मिनिटभर दोन्ही बाजूंनी टाकल्या की परत कुरकुरीत. दातांचा त्रास असला तर तुकडे करून गरम आमटीत पाच मिनिटं भिजू द्यायचे.

दुसऱ्या आठवड्यात मूठ बाजूला ठेवली आणि घरातली एकच वाटी मापाची म्हणून नेमली. दीडशे मिलिलिटरची साधी स्टीलची वाटी. भाकरी सोबत असेल तर एका वेळेला तांदूळ पाव ते अर्धी वाटी. तूरडाळ दिवसाला अर्धी वाटी, म्हणजे साधारण ६० ग्रॅम. त्यात १३ ग्रॅम प्रथिनं येतात. कुकर तीन लिटरचा, आत दोन डबे. मोठ्या कुकरात एवढीशी डाळ थेट घातली तर एकतर तळाला लागते, नाहीतर उरलेल्या पाण्यात नुसती पोहते.

कुकर असा: तळाला दोन वाट्या पाणी. त्याहून कमी घातलं तर मधेच आटतं आणि कुकर करपतो. खालच्या डब्यात एक वाटी डाळ, दोन दिवसांची. अर्धा तास भिजवून, तिप्पट पाणी, हळद, थेंबभर तेल. डबा निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही, नाहीतर फेस उतू जाऊन शिट्टीत अडकतो. वरच्या डब्यात तांदूळ. जुना असेल तर दुप्पट पाणी. नवा इंद्रायणी असेल तर पावणेदोनपट, नाहीतर गिच्च होतो. शिट्ट्या मोजत बसण्यापेक्षा पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून दहा मिनिटं. बाजूला जागा राहिली तर एखादं रताळं खोचावं; बेळगाव-खानापूरच्या रताळ्यांना हंगामात तोटा नाही.

काकूंचं खरं काम पुढच्या गोष्टीनं झालं. डाळ शिजली की फोडणी देण्याआधीच निम्मी काढून, गार करून फ्रिजमध्ये. आज उरलेल्या निम्मीला चिंच-गुळाची आमटी. उद्याच्या डाळीत मूठभर चिरलेला पालक नाहीतर शेपू, वर लसणाची फोडणी. कुकर एकदाच लागला, पण चव दोन दिवस वेगळी. आधी त्या सगळ्या डाळीला फोडणी द्यायच्या, म्हणून तीन दिवस तेच ते. तिसऱ्या दिवशी मटकीची उसळ: अर्धी वाटी मटकी रात्रभर भिजवून, पाणी पूर्ण निथळून, फडक्यात बांधलेली. पाणी राहिलं तर मोड यायच्या आधी ती चिकट होते आणि वास मारते. थंडीत मोडाला दिवस जास्त लागतो, घाई करू नये.

उरलेला भात ओट्यावर रात्रीपर्यंत ठेवायची सवय मोडावी लागली. तांदळातल्या काही जिवाणूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात वाढून पोट बिघडवतात. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवायचा.

भाजी एका वेळेला दोनच, पाव-पाव किलो: एक लवकर जाणारी, एक टिकणारी. मेथी आणि कोबी, किंवा शेपू आणि लाल भोपळा. पालेभाजी न धुता कागदात गुंडाळायची आणि पहिल्या दोन दिवसांत संपवायची.

मधे एक घोळ झाला. आईनं परत भाकरी थापायला घेतली हे ऐकून मुलानं खुशीत ५ किलो ज्वारीचं पीठ घरपोच पाठवलं. एकट्या माणसाला ते तीन महिने पुरतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो, पीठ जुनं झालं की विरी (पीठ एकसंध धरून राहण्याचा गुण) जाते आणि भाकरी थापताना काठाला चिरते. काकूंची तर इतक्या वर्षांत चिरली नव्हती. “हातच गेला माझा” म्हणून त्यांनी पुन्हा दोन दिवस ब्रेड खाल्ला. हात कुठंही गेला नव्हता. किलोभर शाळू गिरणीतून दळून आणायला सांगितला आणि उकळतं पाणी घालून पीठ मळायला लावलं. पहिल्याच दिवशी भाकरी टम्म फुगली. जुन्या पिठाची थालीपीठं झाली. कांदा आणि थोडं बेसन घातलं की विरीचं काही अडत नाही. मुलांनी वस्तू पाठवण्याआधी विचारावं, एवढंच म्हणणं आहे. त्या घरात एअर फ्रायरही येता येता राहिला.

रात्रीचं आम्ही फार ताणलं नाही. संध्याकाळी सातनंतर गॅसपाशी उभं राहायला काकू तयार नव्हत्या, आणि त्या वेळी घर जास्त रिकामं वाटतं हेही खरं. मग हुलग्याचं (कुळथाचं) माडगं. हुलगे भाजून दळलेलं पीठ दोन मोठे चमचे, आधी गार पाण्यात गुठळी मोडून कालवायचं, मग दीड वाटी गरम पाण्यात ओतून सात-आठ मिनिटं ढवळत शिजवायचं. ढवळणं थांबलं की तळाला बसतं. मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. गोड हवं तर गूळ-सुंठ. सोबत दुपारची भाकरी नाहीतर दहीभात. ज्या दिवशी तेही नको, त्या दिवशी दूध-पोहे आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. दूध-ब्रेडपेक्षा ते कितीतरी बरं, आणि त्याबद्दल काकूंना कुणी बोलायचं नाही असं मुलीला बजावलं.

चटण्यांचं थोडक्यात: शेंगा, कारळं, जवस, कोणतीही चालेल, पण एका वेळेला पावशेराच्या वर नको. जवसाचं तेल लवकर खवट होतं.

मुलीला आणखी एक सांगितलं. ‘जेवलीस काय?’ या प्रश्नाचं उत्तर कायम ‘हो’ येणार. त्याऐवजी ‘आज आमटी कसली केलीस?’ असं विचारावं. खरं कळतं, आणि आईला दोन वाक्यं जास्त बोलायला मिळतात. चिंच किती घालायची हे मुलगी खरोखरच विचारायला लागली, तेव्हा फोन लांबायला लागले. अडीच महिन्यांनी वजन साडे छप्पन्न होतं.

आता बाई की डबा. हातपाय धड आहेत, नीट दिसतं, अशा आईच्या घरात पहिल्या फटक्यात स्वयंपाकाची बाई आणू नये. दुसऱ्याच्या हातचं नाही आवडलं की चार दिवसांत तिला रजा मिळते आणि आपण परत टोस्टावर येतो. मदत हवीच असेल तर तुकड्यानं घ्यावी: आठवड्यातून दोनदा भाजी निवडून-चिरून देणारी, किंवा फक्त भाकरी थापून देणारी. डबा लावायचा तर दुपारचाच. बहुतेक डब्यांत भात भरपूर आणि आमटी पातळ असते, म्हणून घरची वाटीभर उसळ, दही नाहीतर अंडं त्यात घालावं. दूध उतू जातं ते सगळ्यांकडेच. पण गॅस चालू राहतो, भांडी वरचेवर करपतात, मीठ दोनदा पडतं, सुरीनं हात कापला जातो असं दिसलं, तर मात्र वाट न पाहता बाई ठेवावी, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना स्मरणशक्ती तपासायला सांगावं.