जुने घड्याळ घेताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील 1960 च्या दशकात घेतलेले ‘फेवर ल्युबा’चे ‘सी चीफ’ हे चावीचे घड्याळ आयुष्यभर वापरत होते. ते घर बदलताना हरवले. आता तशाच घड्याळाची एक जाहिरात माझ्या पाहण्यात आली आहे. त्याची तबकडी झळझळीत केशरी आहे आणि विक्रेता मुंबईचा असून ‘कधीही न वापरलेला जुना माल’ असे सांगतो. ते अस्सल आहे की नाही, हे घेण्यापूर्वी कसे ओळखावे? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : आपण केवळ हौसेपोटी नव्हे, तर वडिलांच्या आठवणीसाठी हे घड्याळ घेत आहात, म्हणून स्पष्टच लिहितो. वर्णनावरून पाहता ही तबकडी कारखान्यातून अशी बाहेर पडली असण्याची शक्यता फार कमी आहे. त्या काळातील या कंपनीच्या बहुतेक तबकड्या चंदेरी, फिकट किंवा काळ्या अशा संयत रंगांच्या असत. भडक केशरी, निळ्या किंवा हिरव्या रंगात नव्याने रंगवलेल्या घड्याळांना संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. या कंपनीचे आणि मुंबईचे नाते जुने आहे. स्वित्झर्लंडमधील या घराण्याने 1865 पासून भारताशी व्यापार सुरू केला आणि पुढे हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले. त्यामुळे जुनी घड्याळेही इथेच पुष्कळ सापडतात आणि रंगवलेलीही इथेच. आपल्या दमट हवेत तबकडीवर डाग पडत आणि अक्षरे पुसट होत, तेव्हा ग्राहक स्वतःच ती रंगवून मागत असे. रंगवणारे कारागीर त्यासाठी दोषी ठरत नाहीत. मूळ तबकडी म्हणून तीच विकणे ही मात्र फसवणूक आहे.

तबकडी पाहण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. कारखान्यातील छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात, रेषांची जाडी सारखी असते आणि मिनिटांच्या खुणा बसवलेल्या तास-खुणांशी नेमक्या जुळतात. हाताने रंगवलेल्या तबकडीत कंपनीच्या नावातील अक्षरे कमी-अधिक जाड दिसतात, शाई पसरलेली असते आणि सहाच्या खाली कडेशी अगदी बारीक छापलेले ‘स्विस मेड’ हे शब्द वाकडे, जागा चुकलेले किंवा गायबच असतात. त्याच घड्याळाच्या खात्रीशीर मूळ नगाचा फोटो शेजारी ठेवून अक्षरांची वळणे एकेक करून ताडून पाहावीत. काट्यांकडेही लक्ष द्यावे, कारण मिनिटकाटा मिनिटांच्या पट्ट्यापर्यंत पोहोचत नसेल, तर तो दुसऱ्या घड्याळाचा असण्याचा संभव असतो. अंधारात चमकणारा रंग काट्यांवर आणि खुणांवर असेल, तर दोन्हीकडे त्याची छटा सारखीच जुनाट हवी. त्या काळी त्यासाठी ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरत आणि त्याचे अर्धायुष्य (ते निम्मे उरण्याचा काळ) सुमारे 12 वर्षे असल्याने आज ते ठळक चमकत नाही, म्हणून रात्री लख्ख उजळणारी तबकडी नंतर रंगवलेलीच समजावी. त्याहून जुन्या घड्याळांत रेडियम हे घातक किरणोत्सारी द्रव्य असू शकते, त्यामुळे तबकडी खरवडून पाहण्याचा मोह टाळावा.

तरीही खरा निर्णय मागचे झाकण उघडल्यावरच होतो. विक्रेत्याकडे मशीनचा स्वच्छ, जवळून घेतलेला फोटो मागावा. तो देण्याचे टाळत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. मशीनवर कंपनीचे नाव कोरलेले आहे का, ते पाहावे आणि मशीनचा क्रमांक त्या घड्याळाच्या माहितीशी जुळतो का, ते ताडावे. नुसते ‘अनेक घड्याळांचे भाग जोडलेले’ घड्याळही चालते, पण त्याची किंमत मूळ घड्याळाएवढी नसते. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील किंवा एखादा स्क्रूच नसेल, तर ते ‘कधीही न वापरलेले’ राहिलेले नाही, एवढे निश्चित समजावे. चावीच्या दांड्याभोवती तांबूस गंज दिसला, तर घड्याळात पाणी गेले होते.

केसबद्दल, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाबद्दल, एक सूचना आवर्जून करतो. पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ फक्त झाकण स्टीलचे आहे. उरलेली केस बहुधा पितळेवर क्रोम चढवलेली असते आणि पट्टा अडकवण्याच्या टोकांवर मुलामा उडून पिवळे पितळ डोकावू लागते. कडा फारच गुळगुळीत झाल्या असतील, तर पॉलिशखाली मूळ आकार नाहीसा झाला आहे.

शक्य असल्यास घड्याळ एखाद्या जाणत्या घड्याळजीकडे टाइमग्राफर यंत्रावर, म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून त्याची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, तपासावे. घड्याळ रोज किती पुढे-मागे जाते यापेक्षा बॅलन्स चक्राचा, म्हणजे मशीनमध्ये मागे-पुढे फिरत वेळ राखणाऱ्या चक्राचा, झोका महत्त्वाचा असतो. पूर्ण चावी दिल्यावर तो 250 अंशांच्या वर असेल, तर मशीन चांगले आहे. 200 च्या खाली असेल, तर साफसफाई आणि तेल देण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे. घड्याळ अचानक पुष्कळ पुढे धावत असेल, तर ते चुंबकाच्या प्रभावाखाली आलेले असू शकते आणि तो दोष घड्याळजी काही क्षणांत काढू शकतो, त्यासाठी व्यवहार मोडू नये.

हे केशरी घड्याळ मी वडिलांच्या आठवणीसाठी घेतले नसते. थोडी डागाळलेली पण मूळ तबकडी असलेले घड्याळ मिळाले, तर तेच त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाच्या अधिक जवळचे असेल.

प्रश्न : ‘एचएमटी जनता’ घेतानाही हीच काळजी घ्यावी का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : होय, आणि तबकडीबाबत तर अधिकच. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूमध्ये घड्याळे बनवायला सुरुवात केली. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 मध्ये घेतल्यावर जुन्या नगांची मागणी वाढली. त्यामुळे रंगवलेल्या तबकड्या घातलेली आणि जोडजोडून तयार केलेली घड्याळे बाजारात सर्रास दिसतात. समाधानाची बाब ही की, ‘जनता’चे 17 ज्वेलचे (घर्षण कमी करणाऱ्या 17 खड्यांचे) मशीन सोपे आणि सोशीक आहे, ते दुरुस्त करणारे कारागीर अजून मिळतात आणि त्याचे भागही सापडतात. म्हणून मशीनमधील किरकोळ दोषांकडे दुर्लक्ष करून तबकडी मूळ असलेला नग शोधावा.