वाचकांचे प्रश्न : शेजारच्या इमारतीचे पैसे कोण देतो?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एका उपनगरात राहतो. आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेवर ‘टॅक्स क्रेडिट’च्या आधारे परवडणाऱ्या भाड्याच्या सदनिका बांधण्याचा प्रस्ताव टाऊनशिपच्या (म्हणजे इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या) प्लॅनिंग बोर्डापुढे आला आहे. हा खर्च आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून होणार का, आणि आमच्या घराची किंमत घसरेल का?

उत्तर : बांधकामाचा खर्च तुमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून होत नाही. १९८६ च्या करसुधारणा कायद्याने सुरू झालेली ही ‘टॅक्स क्रेडिट’ची सवलत संघराज्याच्या आयकरातली असून तिचे वाटप तुमच्या राज्यात न्यू जर्सी हाऊसिंग अँड मॉर्गेज फायनान्स एजन्सी करते. समजा, एखाद्या बिल्डरला वर्षाला १० लाख डॉलरप्रमाणे १० वर्षांचे क्रेडिट मंजूर झाले. तर ते स्वतः वापरण्याऐवजी तो एखाद्या बँकेला प्रकल्पात भागीदार करून घेतो. बँक आज रोख भांडवल घालते आणि पुढची १० वर्षे स्वतःचा आयकर तेवढा कमी भरते. भांडवल असे आल्यामुळे कर्ज कमी काढावे लागते आणि त्या बदल्यात भाड्यावर किमान ३० वर्षांचे बंधन येते.

स्थानिक कराचा प्रश्न मात्र एका ठिकाणी खरोखरच उपस्थित होतो. असे प्रकल्प पुष्कळदा नेहमीच्या प्रॉपर्टी टॅक्सऐवजी ‘पायलट’ नावाच्या कराराने ठरावीक रक्कम भरतात आणि त्याला टाऊनशिपची मंजुरी लागते. तेव्हा सभेत ‘हे लोक कोण’ असे विचारण्यापेक्षा ही रक्कम किती आणि प्रॉपर्टी टॅक्समधला शाळांचा वाटा कसा भरून निघणार, हे विचारावे.

घराच्या किमतीबाबत तुमच्याच राज्यातला दाखला आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांच्या घरांना जमीनवापराच्या नियमांनी आडकाठी केल्याबद्दल माउंट लॉरेल टाऊनशिपविरुद्ध राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये निकाल दिला. तरी त्या लढ्यातल्या एथेल लॉरेन्स यांच्या नावाची वसाहत तिथे प्रत्यक्ष राहती व्हायला २००० साल उजाडले. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या टाऊनशिपांशी तुलना केली, तेव्हा गुन्हे, कर किंवा घरांच्या किमती यांत त्या वसाहतीमुळे फरक पडल्याचे आढळले नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी : रेबेका डायमंड आणि टिम मॅक्वेड यांच्या देशव्यापी अभ्यासात गरीब वस्त्यांमधल्या अशा इमारतींमुळे लगतच्या घरांच्या किमती सुमारे ६.५ टक्क्यांनी वाढल्या, पण अल्पसंख्याकांचे प्रमाण कमी असलेल्या सुस्थित भागांत, दशांश मैलाच्या आत, त्या सुमारे २.५ टक्क्यांनी उतरल्या. म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्यांची काळजी अगदीच निराधार नाही. मात्र छातीठोक भविष्यवाणी करणाऱ्यांनी सांगितल्याइतकी ती मोठीही नाही.

मला स्वतःला या योजनेतली वेगळीच गोष्ट खटकते. इथले भाडे भाडेकरूच्या स्वतःच्या मिळकतीवर ठरत नाही. परिसराच्या मध्यम उत्पन्नावरून काढलेल्या मर्यादेवर ठरते. मर्यादा वर्षाला ६०,००० डॉलर असेल, तर तिच्या ३० टक्क्यांप्रमाणे वीज-पाण्यासह महिना १,५०० डॉलरपर्यंत भाडे घेता येते. ३६,००० डॉलर मिळवणाऱ्या कुटुंबालाही तेच भाडे लागू होते आणि त्याची निम्मी कमाई घरातच जाते. भाड्यासाठीचे वेगळे सरकारी व्हाउचर हाती नसेल, तर सर्वांत गरजू कुटुंब या इमारतीच्या दारातूनच परत फिरते.

प्रश्न : आम्ही दोघी पूर्णवेळ विद्यार्थिनी आहोत. अशाच एका इमारतीच्या कार्यालयाने आमचा अर्ज उत्पन्न न पाहताच नाकारला. हे योग्य आहे का?

उत्तर : बहुतेक योग्य आहे. घरातील सर्वच जण पूर्णवेळ विद्यार्थी असतील, तर अशी सदनिका सहसा देता येत नाही. ही सवलत वसतिगृहांसाठी वापरली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. संयुक्त विवरणपत्र भरण्यास पात्र असलेले विवाहित जोडपे किंवा मुलांसह राहणारे एकल पालक, असे काही अपवाद आहेत. पूर्णवेळ न शिकणारी तिसरी व्यक्ती घरात असेल, तर ही अट आड येत नाही, मात्र मग तिघींचे उत्पन्न मोजले जाईल.