एकाच खुर्चीचे तिकीट

प्रश्न : मी साताऱ्यात राहते, वय 54. धाकट्या मुलीचे लग्न झाल्यापासून शनिवार-रविवार अंगावर येतात. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री अचानक वाटले, की उद्या उठून पुण्याला जावे, चांगलेसे नाटक पाहावे आणि रविवारी परत यावे. यजमानांना नाटकाची आवड नाही. ‘कुणाला तरी सोबत घे’ एवढेच ते म्हणाले, आणि ती सोबत शोधण्यातच शनिवार संपला. आयत्या वेळी एकटीने जाणे जमण्यासारखे आहे का? तिकीट मिळते का? आणि खरे सांगायचे तर, मध्यंतरात एकटीने उभे राहायचे या कल्पनेनेच मला अवघडल्यासारखे होते.
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत सोपी अडचण तिकिटाची आहे. नाटकाला माणसे जोडीने नाहीतर चौघे-पाच मिळून येतात, त्यामुळे खुर्च्यांचा प्लॅन जवळजवळ भरला तरी मधल्या रांगांत एखादी सुटी खुर्ची उरते, आणि ती दोघांच्या उपयोगाची नसल्यामुळे शेवटपर्यंत तशीच राहते. खिडकीवर ‘एकच हवे आहे, पुढच्या रांगांत मधली सुटी खुर्ची आहे का?’ असे स्पष्ट विचारावे. मोबाइलवर तिकीट काढत असाल, तर प्लॅनवर दोन भरलेल्या चौकोनांमधला मोकळा चौकोन शोधावा. चार मैत्रिणींना घेऊन गेलात तर याच दिवशी बाल्कनीत बसावे लागेल.

बाकी सारे आयत्या वेळी ठरवले तरी चालेल, मात्र नाटक आधी ठरवावे. बालगंधर्व रंगमंदिरात रोज नाटकच असते असे नाही. लावणीचे कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा, पारितोषिक वितरण असेही तिथे चालू असते. म्हणून वर्तमानपत्रातली जाहिरात किंवा तिकिटांचे ॲप पाहिल्याशिवाय बसमध्ये पाऊल ठेवू नये. जाहिरातीतले नाट्यगृहाचे नाव दोनदा वाचावे, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. एकाच नाटकाचा दुपारचा प्रयोग कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात आणि रात्रीचा बालगंधर्वला होता; मी दुपारी बालगंधर्वच्या दारात जाऊन उभी राहिले, आणि रिक्षाने कोथरूडला पोहोचेपर्यंत पहिला अंक निम्मा झाला होता.

प्रयोग शक्यतो संध्याकाळी पाच-साडेपाचचा निवडावा. तो आठच्या सुमारास सुटतो, तेव्हा जंगली महाराज रस्ता गजबजलेला असतो आणि जेवायलाही वेळ उरतो. रात्री साडेनऊच्या प्रयोगाची रंगत वेगळी असते हे मान्य, पण तो सुटेपर्यंत बारा वाजतात. त्याच रात्री साताऱ्याला परतण्याचा आटापिटा करू नये. डेक्कन किंवा जंगली महाराज रस्त्याच्या परिसरात, नाट्यगृहापासून चालत जाता येईल अशी खोली घ्यावी आणि मूळ आधार कार्ड जवळ ठेवावे. यजमानांना हॉटेलचे नाव आणि प्रयोग सुटण्याची वेळ कळवली की सोबतीचा प्रश्न बराचसा मिटतो.

शनिवारी सकाळी पुणेकर महाबळेश्वरच्या वाटेला लागलेले असतात आणि तुम्ही उलट दिशेने निघालेल्या असता, ही तुमच्या बाजूची गोष्ट. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. स्वारगेटला उतरल्यावर दुपार राजा दिनकर केळकर संग्रहालयासाठी ठेवावी. तिथले अडकित्ते पाहावेत. सुपारी कातरण्याच्या एवढ्याशा वस्तूला कुणी घोड्याचा आकार दिला, कुणी माणसांच्या जोडीचा, आणि पाते मात्र प्रत्येकाचे कामाचेच. सोबत कुणी असले की ‘चला, पुढे चला’ सुरू होते. एकटीला त्या एका कपाटापुढे अर्धा तास उभे राहता येते. तिथून मंडई मेट्रो स्थानक जवळ आहे. सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी आणि छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरावे, तिथून बालगंधर्व अगदी थोडे चालण्यावर आहे. यापेक्षा अधिक काही त्या दिवसात कोंबू नये, कारण दमलेल्या प्रेक्षकाला अंधारात हमखास डुलकी लागते.

तिसऱ्या घंटेच्या वीस मिनिटे आधी पोहोचावे. या वास्तूची कोनशिला 1962 साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली, पण 26 जून 1968 रोजी, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिर उघडले तेव्हा ते हयात नव्हते. आदल्याच वर्षी ते गेले होते. आत जाण्यापूर्वी हे आठवले की पायऱ्या चढताना पाय थोडा थबकतो.

राहिले मध्यंतर. तुम्ही धास्ती घेतली आहे ती साऱ्यांच्या नजरांची, पण त्या पंधरा मिनिटांत सगळ्या नजरा बटाटेवड्याच्या काउंटरवर असतात. रांगेत उभे राहावे, वडा आणि चहा घेऊन कडेला जावे. शेजारच्या बाई ‘पहिला अंक जरा लांबला, नाही?’ असे विचारतीलच. उत्तर द्यावेसे वाटले तर द्यावे, नाहीतर हसून चहा प्यावा.

प्रश्न : एकट्याने गेल्यावर नाटक आवडले नाही, तर उठून जावे का? सोबत कुणी असले की भिडेखातर बसावे लागते.
— एक वाचक, कराड

उत्तर : जरूर जावे, मात्र मध्यंतरातच. अंक चालू असताना रांगेतल्या दहा जणांचे गुडघे ओलांडत निघणे त्यांनाही नको असते, आणि पुढच्या रांगांतली हालचाल रंगमंचावरच्या नटालाही दिसते. मन आधीपासूनच साशंक असेल, तर तिकीट काढतानाच कडेची खुर्ची मागावी. मी स्वतः दोनदा अशी मध्यंतरात निघाले आहे. त्यातल्या एका नाटकाचा दुसरा अंक फार चांगला होता असे नंतर कळले, त्यामुळे आता पहिला अंक कितीही रटाळ झाला तरी आधी वडा खाते आणि मग ठरवते.