रोहूची अंडी हॅचरीत पांढरी पडतात. पाण्यात व्हिटॅमिन टाकावं का?
नको. अंड्यातलं पिल्लू बाहेरून खात नाही, बलकावरच वाढतं. व्हिटॅमिन ई, सी द्यायचं ते नर-मादीच्या खाद्यातून, पावसाळ्याआधी दोन-तीन महिने. 'ए' बेतानंच, अतिरेकाने पिल्लांचा कणा वाकतो.

पहिल्या काही तासांतच सरसकट पांढरी झाली, तर बहुधा फलनच झालेलं नसतं. नंतर मरत असतील तर पाणी बघा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं: 1 मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण 7 मिलिग्रॅम सोडियम थायोसल्फेट टाका, पाण्यात हवा सोडा, मगच अंडी. तांब्या-पितळेचे आणि गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) पाइप काढून प्लास्टिकचेच बसवा. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ, त्यात कॅल्शियम कमी. म्हणून इतरत्र चालून जाणारं तांबंही इथे अंडी मारतं. आणि भातावर फवारणी झाली असेल, तर त्या शेतातून येणाऱ्या पऱ्ह्याचं (ओढ्याचं) पाणी अजिबात घेऊ नका.