घरची भाषा समजणारं माणूस खोलीत हवं

प्रश्न : ताई, मी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे कोकणा समाजाचा सहा वर्षांचा मुलगा आहे. जन्मला तेव्हा उशिरा रडला, पाय ताठ आहेत, आधाराशिवाय बसत नाही. आईबाप द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी-पिंपळगावकडे जातात, तो आजीजवळ राहतो. मध्यंतरी एका तपासणी शिबिरात त्याला नेलं. तिथे त्याला मराठीत चार प्रश्न विचारले, पोरगं गप्प. आजीलाही नीट सांगता आलं नाही. प्रमाणपत्रावर 'तीव्र बौद्धिक अक्षमता' आलं. पण याला सगळं कळतं हो! कोंबडी घरात शिरली की आवाज करून आजीला सांगतो. आता शाळेत म्हणतात, याला दाखल करून काय उपयोग?

उत्तर : सेविकाताई, कोंबडीची गोष्ट तुम्ही लिहिलीत हे फार बरं केलंत. तपासणीच्या खोलीत कुणी विचारली नाही, पण मुलाची समज तिथेच दिसते. काय चाललंय ते त्याला कळलं, ते आजीला सांगायला हवं हे कळलं, आणि बोलता येत नसताना त्याने सांगायचा मार्ग काढला.

तुम्ही लिहिलंत त्यावरून हा सेरेब्रल पाल्सीचा प्रकार वाटतो. नक्की निदान बालरोगतज्ज्ञच करतील. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला तर हालचालींवर ताबा ठेवणारा भाग दुखावू शकतो. मग हातपाय ताठ होतात, तसेच जीभ आणि ओठही. अशा काही मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो, कित्येकांच्या होत नाही. न बोलणाऱ्या मुलाला समज नाही, असा निष्कर्ष काढताच येत नाही. त्यात घरी कोकणा समाजाची बोली बोलणाऱ्या मुलाला परक्या माणसाने शहरी मराठीत विचारलं, तर धडधाकट मूलसुद्धा आजीच्या लुगड्यामागे लपेल.

मी फिजिओथेरपिस्ट म्हणून पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर जाते, तिथे हे वारंवार दिसतं आणि मला त्याचा राग येतो. बौद्धिक क्षमता तपासताना मुलाबरोबर घरच्यांनाही विचारतात : स्वतःच्या हाताने खातो का, कपडे ओळखतो का, काय हवं ते सांगतो का. उत्तरं आजी देणार. तिचं निम्मं बोलणं समोरच्याला कळलं नाही, तर गुण मुलाचे जातात. म्हणून फेरतपासणीला तुम्ही स्वतः सोबत जा. तुम्हाला दोन्ही भाषा येतात. आधी मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढून ठेवा : आजीला हाक देताना, नाव घेतल्यावर भाऊ-बहीण ओळखताना, दोन वस्तूंतली हवी ती नजरेने दाखवताना. खोलीत गेल्यावर नम्रपणे पण ठाम सांगा, 'मुलाला आमच्या भाषेत विचारू द्या.'

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 59 नुसार प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं. सेरेब्रल पाल्सी कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वतंत्रपणे आहे, तेव्हा अर्जात हालचालींच्या तपासणीचीही मागणी करा. बौद्धिक अक्षमतेचं लहान मुलाचं प्रमाणपत्र तसंही जन्मभराचं नसतं, पुढे पुन्हा तपासणी होतेच. आज लिहिलेलं कायमचं, असं आजीला वाटू देऊ नका.

शाळेचं उत्तर सरळ आहे. याच कायद्याच्या कलम 31 प्रमाणे लक्षणीय म्हणजे 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. उपयोग काय, हा प्रश्न शाळेने विचारायचाच नाही. नाव दाखल झालं की समग्र शिक्षा अभियानाच्या विशेष शिक्षकाची मागणी गटसाधन केंद्राकडे लेखी करा. अतितीव्र दिव्यांगत्वात घरी शिकवायचीही सोय आहे, पण हा मुलगा माणसांत रमणारा दिसतो. त्याला वर्गात बसू द्या, पोरांमध्ये.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते, कारण ते आजच सुरू करायचं आहे. आजी त्याला भरवते कशी, ते एकदा जवळ बसून पाहा. बहुतेक घरांत अशा मुलाला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून आंबील तोंडात सोडतात. घास श्वासनळीत जातो, मूल ठसकतं, आणि वरचेवर छाती भरते. त्याला उभट बसवा, पाठीला आधार द्या, हनुवटी किंचित खाली असू द्या. घराचा कोपरा यासाठी उत्तम : दोन्ही बाजूंना भिंत, मागे गोधडीची घडी, पुढे पाट. नागलीची आंबील अगदी पातळ नको, चमच्याला धरेल इतकी दाट करा. अर्धा चमचा द्या, गिळू द्या, मग पुढचा. कडेवर घेताना दोन्ही पाय एका बाजूला नकोत. एक पाय पुढे, एक मागे, फाकवून घ्या. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, ते यामुळे थोडे सैल राहतात. सारखा ठसकत असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

पैशांचं थोडक्यात. प्रमाणपत्र 40 टक्के किंवा जास्त असेल तर एसटीत 75 टक्के सवलत, 65 टक्क्यांपासून पुढे सोबत्यालाही निम्मं तिकीट. वणी-दिंडोरीमार्गे नाशिक गाठायचं तर हे लहान नाही. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2500 रुपये आहेत, अर्ज तहसील कार्यालयात. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. छोट्या ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न ते किती असणार! पण तुमचा तालुका आदिवासी भागासाठीच्या 'पेसा' कायद्यात येतो. त्यातला अबंध निधी, म्हणजे ठरावीक कामाचं बंधन नसलेला पैसा, कशावर लावायचा हे ग्रामसभेत ठरतं. तिथे उभ्या राहा आणि अंगणवाडीला उतार व या मुलासाठी आधाराची खुर्ची मागा.

आजी मुलाला भगताकडे, म्हणजे मंत्र-झाडपाला करणाऱ्या जाणत्याकडे, नेत असेल तर तिच्यावर रागावू नका. तो तिच्या विश्वासाचा माणूस आहे. त्यालाच भेटून सांगा की व्यायाम आणि औषध सुटता कामा नये. त्याचा शब्द आजी ऐकेल.

प्रश्न : मी पेठ तालुक्यातली, नाशिकला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहून बी.ए. करते. मला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. थंडीत सांधे इतके दुखतात की कॉलेज बुडतं. घरचे म्हणतात कुणाला सांगू नको, लग्न जमणार नाही. मला दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का?

उत्तर : बाळा, मिळू शकतं. 2016 च्या कायद्याने सिकलसेल आजार यादीत आला. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज कर, तपासणीची तारीख मिळेल. आधी एक खात्री कर : तुझा रिपोर्ट 'एसएस' आहे की 'एएस'? एएस म्हणजे वाहक, त्याला प्रमाणपत्र नसतं. तुझ्या दुखण्यावरून आजार वाटतो, तरी कागद पाहायलाच हवा.

आणखी एक सांगते, म्हणजे पुढे निराशा नको. 40 टक्के किंवा जास्त प्रमाणपत्र असेल तर सरकारी व अनुदानित महाविद्यालयांतल्या 5 टक्के राखीव जागांसाठी तू पात्र ठरतेस. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के दिव्यांग आरक्षणात मात्र रक्ताचे आजार धरलेले नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं. आदिवासी समाजात हा आजार जास्त आहे, आणि नेमका तोच वगळला गेला.

वसतिगृहाच्या गृहपाल मॅडमना सांग. रात्री दुखणं उसळलं तर गाडी कोण बोलावणार? पाणी भरपूर पी, थंडीत गार पाण्याने अंघोळ नको, आणि हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. लग्नाचं म्हणशील तर जोडीदाराची रक्ततपासणी आधी झालेली बरी. त्यासाठी सांगावंच लागेल, आणि ऐकून पळून जाणारा माणूस आधीच गेलेला चांगला.

प्रश्न : माझी दिंडोरी तालुक्यात बाग आहे. कामाला येणाऱ्या भिल्ल कुटुंबातली चार वर्षांची मुलगी हाक मारली तर वळत नाही. हंगाम संपला की ते गावी परततात. नाव कुठे नोंदवायचं?

उत्तर : दादा, गावाची वाट पाहू नका, तुमच्याच गावच्या अंगणवाडीत नोंदवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ते येईपर्यंत महिने जातील, म्हणून थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन संदर्भचिठ्ठी घ्या. जिल्ह्याच्या शीघ्र निदान केंद्रातून बेरा ही ऐकण्याची चाचणी करून घ्या. तीत मुलीला काही बोलावं लागत नाही, झोपेतच होते. घाई यासाठी की श्रवणयंत्र असो वा शस्त्रक्रियेने कानात बसवायचं कॉक्लिअर इम्प्लान्ट, लवकर बसवलं तरच बोलणं नीट येतं. इम्प्लान्टच्या सरकारी योजनांत वयाची अट पाच वर्षांच्या आसपास असते, आणि ही चार वर्षांची झालीच आहे.

तपासणीच्या दिवशी आईबापाची मजुरी कापू नका. शक्य असेल तर तुमच्या गाडीने न्या आणि आधार कार्डं आठवणीने बरोबर घ्या. सगळ्या कागदांचे फोटो आईच्या आणि तुमच्या, दोन्ही फोनवर ठेवा. गावी गेल्यावर तिथल्या आशाताईंचा नंबर मागून घ्या आणि पुढची तारीख त्यांना तुम्हीच कळवा.