बेटाचे शेजारी : प्राचीन आयर्लंडविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : रोमनांनी आयर्लंड कधीच जिंकलं नाही. मग रोमचा तिथे काहीच ठसा उमटला नाही का?

जिंकलं नाही, हे खरं. ब्रिटनचा सुभेदार अग्रिकोला याच्या मनात ते होतं. एक लीजन (रोमन सैन्याची मोठी तुकडी) आणि थोडी जादा कुमक एवढ्यात बेट ताब्यात येईल असं तो म्हणायचा, हे त्याचा जावई टॅसिटस याने नोंदवून ठेवलंय. सैन्य गेलं नाही, पण माल गेला. न्यूग्रेंजचं दगडी थडगं तेव्हाच तीन हजार वर्षांचं जुनं होतं, त्याच्यापुढे कुणीतरी रोमन नाणी ठेवली. कोलरेनजवळ १८५४ मध्ये रोमन चांदीचा साठा सापडला, त्यात नाण्यांसोबत भांड्यांचे तोडलेले तुकडे होते. ती लूट होती की भाडोत्री शिपायांचा पगार, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

मला मात्र नाण्यांपेक्षा शब्द जास्त बोलके वाटतात. त्या काळच्या आयरिश भाषेत ‘प’ नव्हताच. आपल्या ‘पितृ’चा तिथला भाऊबंद ‘अथिर’, त्यातला ‘प’ गळून पडलेला. त्यामुळे लॅटिनमधून आलेल्या ‘प’च्या जागी ते ‘क’ म्हणत. ईस्टरचा ‘पास्खा’ झाला ‘काश्क’ आणि जांभळ्या रंगाचा ‘पुर्पुरा’ झाला ‘कोर्कुर’. रोप या अर्थाचा ‘प्लांटा’ झाला ‘क्लांद’, म्हणजे संतती. इंग्रजीतला ‘क्लॅन’ तो हाच. आयरिशांचा अस्सल म्हणून मिरवला जाणारा शब्द मुळात लॅटिन निघाला! दगडाच्या कडेवर खाचा पाडून लिहायची ओगम लिपीसुद्धा लॅटिन अक्षरं ठाऊक असलेल्या कुणीतरी घडवली, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. असे सुमारे ४०० दगड आज माहीत आहेत, त्यातले बरेचसे केरी, कॉर्क आणि वॉटरफर्ड भागांतले.

प्रश्न : आयरिश लोक केल्ट, म्हणजे युरोपातल्या एका प्राचीन लोकसमूहातले, मग हे केल्ट तिथे कधी आले?

भाषा केल्टिक कुळातली, यात शंका नाही. पण कुठल्याही ग्रीक वा रोमन लेखकाने आयरिशांना केल्ट म्हटलेलं नाही. ही ओळख चिकटली ती १७०७ मध्ये एडवर्ड लुइड याने या भाषांचं नातं मांडल्यानंतर. लोहयुगात केल्टांची मोठी फौज उतरली, हे जुनं चित्रही आता टिकत नाही. रॅथलिन बेटावर सापडलेल्या कांस्ययुगातल्या तीन पुरुषांचा डीएनए तपासला, तर तो आजच्या आयरिशांच्या बराच जवळचा निघाला. आणि ‘गेल’ हे त्यांचं स्वतःचं नाव? तेही शेजारच्या वेल्श भाषेतून उसनं घेतलेलं.

प्रश्न : संत पॅट्रिक आयरिश होता का?

नाही, ब्रिटनचा. सोळाव्या वर्षी चाच्यांनी पळवून नेला, सहा वर्षं गुलामीत जनावरं राखली, निसटून घरी गेला आणि पुढे आपणहून परतला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पण आयर्लंडच्या पहिल्या बिशपचा मान त्याचा नाही. ४३१ मध्ये पोपने पॅलेडियसला बिशप म्हणून धाडलं, तेही आधीच ख्रिस्ती झालेल्या आयरिशांसाठी. पॅट्रिकने आयर्लंडमधून सापांना हाकलल्याची दंतकथा सोडून द्या, तिथे साप नव्हतेच.

प्रश्न : सगळं बाहेरूनच आलं का? आयर्लंडने शेजाऱ्यांना काय दिलं?

एका देशाचं, स्कॉटलंडचं, नाव दिलं! लॅटिनमध्ये ‘स्कोटी’ म्हणजे आयरिश. ईशान्य आयर्लंडच्या अँट्रिममधलं डाल रिआटाचं राज्य समुद्रापलीकडे स्कॉटलंडच्या आर्गाइलपर्यंत पसरलेलं होतं. मधली खाडी सर्वांत अरुंद जागी जेमतेम २० किलोमीटर, म्हणजे डोंगर तुडवत जाण्यापेक्षा होडी सोपी. आयरिश भिक्षू कोलम किले ५६३ मध्ये स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर गेला, तिथे मठ उभारला आणि त्याच मठातून एडन हा भिक्षू ६३५ मध्ये इंग्लंडच्या लिंडिसफार्नला पोचला. उत्तर इंग्लंड ख्रिस्ती करण्यात मोठा वाटा या आयरिश भिक्षूंचा.

प्रश्न : आयरिश कायद्यात धनकोने ऋणकोच्या दारात उपास करायची रीत होती म्हणे. हे आपलं धरणं तिथे पोचलं की काय?

पोचलं नाही. रीत मात्र खरी आहे, तिला ‘त्रोस्कद’ म्हणत. बड्या माणसाकडून येणं वसूल करायला त्याच्या दारात उपाशी बसायचं. हमी न देता तो आत जेवला, तर दुप्पट भरायचा. पगार थकला की मराठी फौजेतले शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरत, ते आठवणारच. काही अभ्यासक दोन्हींचं मूळ एकाच आदिम प्रथेत शोधतात. मला ते ओढूनताणून वाटतं. बड्याकडून वसुली करून देणारी सत्ता नसली, की गरिबाच्या हाती उरते ती त्याची लाज काढणं. आपला ‘राजा’ आणि त्याच अर्थाचा आयरिश ‘री’ या शब्दांचं नातं मात्र पक्कं.

प्रश्न : व्हायकिंगांनी, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या दर्यावर्दींनी, नुसती लूटच केली ना?

७९५ पासूनची पहिली वर्षं, हो. पण ८४१ मध्ये त्यांनी डब्लिनला तळ ठोकला आणि त्याचं गाव झालं. वॉटरफर्ड आणि वेक्सफर्ड ही नावं त्यांचीच. बाजाराला आयरिशमध्ये ‘मारगा’ आणि खिडकीला ‘फिन्योग’ म्हणतात, तेही व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतले. ‘फिन्योग’चं मूळ ‘वाऱ्याचा डोळा’. आपल्या ‘गवाक्षा’त गाईचा डोळा, त्यांच्यात वाऱ्याचा!

१०१४ ची क्लोनटार्फची लढाई आयरिश विरुद्ध परके अशी रंगवतात, पण ती बरीचशी भाऊबंदकी होती. डब्लिनचा नॉर्स राजा सिट्रिक हा आयरिश राजा ब्रायन बोरूचा जावई. सिट्रिकची आई एके काळी ब्रायनची बायको होती, आणि तिचा भाऊ, पूर्व आयर्लंडमधल्या लेन्स्टरचा राजा, ब्रायनच्या विरुद्ध उभा. ब्रायन मारला गेला. सिट्रिक मात्र १०३६ पर्यंत डब्लिनच्या गादीवर राहिला. त्यानंतर काही वर्षांनी, १०४२ मध्ये, त्याच भागातल्या ओकचं एक लांबलचक लढाऊ गलबत बांधलं गेलं. त्याचे अवशेष सापडले डेन्मार्कमध्ये, रॉस्किल्डच्या खाडीच्या तळाशी.